सरांची थप्पड आणि सरांची स्कूटर

गेल्या आठवड्यात एकच संदेश मला तीन ग्रुपवर आला. मथळा होता, ‘आचरेकर सरांनी कानाखाली वाजवली म्हणून सचिन घडला’. आचरेकर सर म्हणजे सचिन तेंडुलकरचे लहानपणापासूनचे क्रिकेट कोच. खाली चार मुद्दे: मार आणि अपमानाशिवाय खेळाडू घडत नाही; आईबाप मैदानावर मागे लागले तरच मूल पुढं जातं; दुखतंय म्हणणारी मुलं बहाणे करतात; आणि वयाच्या दाखल्यात एखादं वर्ष कमी दाखवलं तर कुणाचं काय बिघडतं, सगळेच करतात. पुण्यात गेली बारा वर्षं शनिवार-रविवारी मी मुलांच्या सामन्यांचं स्कोअरिंग करतोय. स्कोअररचं टेबल सीमारेषेला लागून असतं. तिथं जे दिसतं आणि ऐकू येतं, त्यावरून सांगतो, यातला एकही मुद्दा टिकत नाही.

थप्पड खरी आहे, सचिननंच सांगितलेली आहे. पण ती कशासाठी बसली, तेही त्यानंच सांगितलंय. सरांनी त्याच्यासाठी सामना ठरवला होता आणि तो न खेळता सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला, टाळ्या वाजवायला गेला होता. शून्यावर बाद झाला म्हणून ती बसली नव्हती, झेल सुटला म्हणूनही नाही. आपल्या मैदानांवर झेल सुटला की बारा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर ‘बांगड्या भर’ ऐकावं लागतं. मी ऐकलंय, एकदा नाही. त्यानंतरच्या षटकांत ते पोर चेंडू आपल्याकडे येऊच नये म्हणून देवाचा धावा करत उभं असतं. याला घडवणं म्हणायचं?

आणि सरांची स्कूटर कुठं गेली? शिवाजी पार्कवर अर्धा डाव झाला की सर सचिनला मागं बसवून आझाद मैदानावर दुसऱ्या सामन्याला न्यायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचा रुपया, नाबाद राहिला तर सचिनचा. ते कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, हेही खरं. कडक होतेच. पण त्या कडकपणामागं इतक्या वर्षांची रोजची मेहनत होती. ती एक थप्पडसुद्धा मला योग्य वाटत नाही. आणि तेवढीच उचलून बाकीची वर्षं गाळणं हा सरांवरही अन्याय आहे. शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम आहे. ताब्यातल्या मुलाला मारहाण करून विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मूल ताब्यात असलेल्या प्रत्येकाला ते लागू आहे. कोचला आणि आपल्यालाही.

मागे लागण्याबद्दल थोडक्यात. कोच सांगतो ‘पुढं ये’, वडील जाळीपलीकडून ओरडतात ‘मागं राहा’, आणि पोर मधल्यामध्ये पायचीत होतं. मग कात्रजपासून कोथरूडपर्यंत गाडीत त्याच एका फटक्याचं पोस्टमॉर्टेम. मुलाला तेव्हा पाणी हवं असतं आणि जेवायचं असतं.

दुखण्याला बहाणा म्हणणं तर धोक्याचं आहे. वाढत्या वयात कंबरेच्या मणक्याची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. वेगवान गोलंदाजी अति झाली की तिथं बारीक तडा जातो आणि पोराला महिनोन् महिने बसून राहावं लागतं. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांना एका स्पेलला (सलग टाकण्याच्या पाळीला) ५ आणि दिवसाला १० षटकांची मर्यादा घातली. आपल्याकडचं पोर सकाळी अकादमीत, दुपारी शाळेकडून, संध्याकाळी टर्फवर टाकतं. प्रत्येक कोच आपल्यापुरती षटकं मोजतो. बेरीज कुणीच करत नाही. ती आईबापांनी वहीत करायची.

आता वयाचा दाखला. राहुल द्रविडनं २०१५ च्या भाषणात वयचोरीला फिक्सिंगच्याच पंगतीत बसवलं होतं. बीसीसीआय, म्हणजे आपलं क्रिकेट मंडळ, मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. २०२० मध्ये मंडळानं सांगितलं, स्वतःहून कबूल केलं तर माफी, पकडलं गेल्यास दोन वर्षं बंदी. सचिननं २०१३ च्या निरोपाच्या भाषणात वडिलांची शिकवण सांगितली होती: स्वप्नामागं जा, पण आडवाटेनं जाऊ नकोस. ज्याच्या नावानं हा संदेश फिरतोय, त्याच्या घरचं सांगणं हे असं होतं.

‘कुणाचं काय बिघडतं?’ खऱ्या वयानं उतरलेलं पोर संघाबाहेर राहतं, हे तर झालंच. पण मागच्या हंगामात बारा वर्षांखालच्या सामन्यात एक मुलगा माझ्या टेबलापाशी पॅड बांधत होता. मी सहज विचारलं, ‘‘कितवीत आहेस रे?’’ त्यानं मान वर केली, लांब उभ्या असलेल्या वडिलांकडे बघितलं, आणि पुन्हा पॅडचा पट्टा सोडून बांधायला घेतला. तो आधीच नीट बांधलेला होता.