प्रीलोडने कडकपणा वाढतो की नाही? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली आणि मग वही घेऊनच बसलो, कारण तुम्ही नुसतं "चूक आहे" म्हणून सोडून दिलं नाहीत, स्वतः करून बघून मग लिहिलंत, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्पोर्ट क्वाडच्या (मोटरसायकलसारखी बसून चालवायची चारचाकी ऑफ-रोड गाडी) पुढच्या सस्पेन्शनवरच्या लेखात मी लिहिलं होतं की प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते. यावर तुमचं म्हणणं असं की तुम्ही दोन्ही पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या कॉलर (स्प्रिंग दाबणाऱ्या आट्यांच्या रिंगा) १० मि.मी. आवळल्या, त्यानंतर उडीवरून उतरताना आपटणं (सस्पेन्शन पूर्ण दबून तळाला आदळणं) जवळजवळ थांबलं, पुढचा भाग कडक लागायला लागला आणि हँडलही जड झालं, मग "कडक होत नाही" हे कुठल्या तोंडाने लिहिलं? दुसरा आक्षेप लांब ए-आर्मचा (चाक फ्रेमला जोडणारा हात), की स्प्रिंग तीच आणि वजन तेच असताना सस्पेन्शन मऊ कसं होईल. आणि तिसरा, शॉकवरचा हाय-स्पीड क्लिकर (दबण्याला होणारा विरोध कमी-जास्त करायचं बटण) फिरवूनही मोकळ्या पट्ट्यावर फुल थ्रॉटलला काही फरक जाणवला नाही.

आधी प्रीलोड, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

स्पोर्ट क्वाडला पुढे प्रत्येक चाकाला दोन ए-आर्म असतात, एक वर एक खाली, आतली बाजू फ्रेमला बुशवर आणि बाहेरची बाजू बॉल जॉइंटने नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग). शॉक चाकाजवळ नसतो, आर्मवर थोडा आतल्या बाजूला बसवलेला असतो, म्हणजे चाक जेवढं वर जातं त्यापेक्षा शॉक कमी दबतो. आता हिशोबाला समजा, चाक १० मि.मी. हललं की शॉक ६ मि.मी. हलतो, आणि एका पुढच्या चाकावर तुमच्यासकट ४८ किलो भार येतो. शॉकला तरफेमुळे ४८ भागिले ०.६, म्हणजे ८० किलो पेलावे लागतात. स्प्रिंग मि.मी.ला २ किलोची असेल तर ती ४० मि.मी. दबणार आणि गाडी तिथे थांबणार.

आता कॉलर १० मि.मी. आवळा. भार बदललाय का? नाही, तो ८० किलोच आहे, म्हणजे स्प्रिंग आताही ४० मि.मी.च दबलेली असणार, त्यातले १० मि.मी. कॉलरने आधीच दाबलेत म्हणून शॉक ४० ऐवजी ३० मि.मी.च आत जातो आणि फ्रेम चाकाच्या मापाने साधारण १७ मि.मी. वर उचलली जाते. बस, एवढंच होतं. या जागेवरून चाकावर आणखी २४ किलो आले तर शॉकवर ४० येतात आणि तो २० मि.मी. दबतो, कॉलर आवळायच्या आधीही २० आणि नंतरही २०. मला "कडक होत नाही" म्हणायचं होतं ते हे, आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

पण तुमच्या अंगाला जे जाणवलं ते खोटं नाही, आणि लेखात "फक्त उंची" असं लिहून मी विषय तिथेच बंद केला ही माझी चूक होती. ती उंचीच बऱ्याच गोष्टी बदलते. एक म्हणजे खाली आपटायच्या आधी चाकाला १७ मि.मी. जास्त जागा मिळाली. दुसरं, चाकाला खाली पडायची जागा तेवढीच कमी झाली, आधी चाक खोलगट भागात ६७ मि.मी. खाली पडू शकत होतं ते आता ५० वर आलं, त्यामुळे छोट्या खड्ड्यात चाक लवकर लटकतं आणि पुढचा भाग टणक लागतो. प्रीलोड खूपच जास्त असेल तर कोणी बसलेलं नसताना शॉक पूर्ण उघडून टेकलेलाच राहतो, अशा वेळी हाताने दाबून पाहिलं तर आधी तो जोर मोडायला लागतो आणि स्प्रिंग दगड झाली असं वाटतं. हँडलचं कारण वेगळं. फक्त पुढचा भाग १७ मि.मी. उचलला गेला तर साधारण १२७० मि.मी. व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) पूर्ण गाडी पाऊण अंशाने मागे झुकते, आणि तेवढाच कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) वाढतो. कास्टर वाढला की गाडी सरळ धरून चालते पण हँडल जड होतं, म्हणजे तुमचं निरीक्षण बरोबर, फक्त त्याचा स्प्रिंगशी संबंध नाही.

आता ज्या जागी तुमचा मुद्दा खरंच बरोबर आहे तिथे येतो. तुम्ही लिहिलंय की तुमच्या शॉकवर दोन स्प्रिंग आहेत, एक आखूड आणि एक लांब. बरेच लोक समजतात की आधी आखूड मऊ स्प्रिंग पूर्ण दबते आणि मग लांब स्प्रिंग काम सुरू करते. तसं नसतं, एकावर एक ठेवलेल्या स्प्रिंग पहिल्या मि.मी.पासून दोन्ही दबतात, आणि दोघी मिळून एकट्या कुठल्याही स्प्रिंगपेक्षा मऊ असतात. ३ किलोची आणि ६ किलोची एकावर एक ठेवली की मिळून २ किलोची होते, म्हणजे वरच्या हिशोबातली स्प्रिंग अशीच जोडी समजा. आखूड स्प्रिंग ठरलेल्या जागी क्रॉसओव्हर रिंगला (तिचं दबणं अडवणारी कडी) टेकली की ती थांबते आणि त्यापुढे एकटी ६ किलोची उरते, एकदम तिप्पट कडक!

रिंग कॉलरसोबत तेवढीच सरकत असेल तर हे टेकणं जोरावर ठरतं, शॉक किती आत गेलाय त्यावर नाही. समजा ते १२० किलोला होतं, म्हणजे जोडी ६० मि.मी. दबल्यावर. प्रीलोड नसताना शॉक ६० मि.मी. आत गेला की कडक भाग सुरू, १० मि.मी. प्रीलोड दिला की ५० वरच सुरू. शॉकचा एकूण प्रवास तोच असल्यामुळे कडक भागात १० मि.मी. जास्त मिळतात, आणि १० गुणिले ६ म्हणजे अगदी तळाला ६० किलो जास्त विरोध. एकच २ किलोची स्प्रिंग असती तर हा फरक फक्त २० किलोचा असता. तर अशा दुहेरी स्प्रिंगवर, रिंगही कॉलरसोबत सरकत असेल तर, प्रीलोड आवळून आपटणं थांबतं हे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य, आणि लेखातलं ते वाक्य मी बदललंय.

तरीही प्रीलोड हा आपटण्यावरचा उपाय म्हणून वापरू नका असं मी मनापासून सांगेन. तो आधी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते, ठरवण्यासाठी आहे. पूर्ण गिअर घालून गाडीवर बसा, दुसऱ्या कोणाला तरी पुढच्या फ्रेमच्या नळीची जमिनीपासूनची उंची मोजायला सांगा, मग पुढचा भाग उचलून चाकं जेमतेम टेकलेली असताना परत मोजा. दोन्हीतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश यायला हवा. २५० मि.मी. प्रवास असेल तर साधारण ६० ते ८०. वरच्या हिशोबात आवळल्यावर सॅग ५० वर आलाय, म्हणजे आपटणं गेलं पण व्हूप्समध्ये (सलग उंचवट्यांच्या पट्ट्यात) चाक जमिनीला धरून राहणार नाही आणि वळणात गाडी उंचावर बसल्यासारखी कलणार. सॅग बरोबर असूनही आपटत असेल तर मग क्रॉसओव्हर रिंग, कंप्रेशन (शॉक दबतानाचा विरोध) आणि शेवटी स्प्रिंग, या क्रमाने जा.

लांब ए-आर्मबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. स्प्रिंग तीच हे बरोबर, पण तरफ बदलली ना! समजा खालची आर्म ४० सें.मी. आणि शॉक २४ सें.मी.वर, म्हणजे ०.६. आर्म ५ सें.मी. लांब घेतली आणि शॉकची जागा तीच ठेवली की २४ भागिले ४५, जवळपास ०.५३. आणि चाकाला जाणवणारा कडकपणा या आकड्याच्या वर्गाने बदलतो, कारण तरफ दोनदा लागते, एकदा जोराला आणि एकदा अंतराला. ०.३६ चा ०.२८ झाला, साधारण पाचवा हिस्सा कडकपणा गेला, आणि डॅम्पिंगही (शॉकचा हालचालीला होणारा विरोध) त्याच प्रमाणात गेलं. मी स्वतः लांब आर्म टाकून जुन्याच स्प्रिंगवर गाडी पळवलीये, पहिल्याच व्हूप्सच्या पट्ट्यात पुढचा भाग खाली बसला तो वर यायलाच तयार नव्हता, आणि तेव्हा मीही प्रीलोडच आवळत बसलो होतो. काही किटमध्ये शॉकची जागाही बाहेर सरकवलेली असते, तसं असेल तर फरक कमी पडतो, म्हणून किटवरचा "+२" (दोन इंच लांब) बघून थांबू नका, टेपने मोजा. आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) त्याच मापात लांब झालाय का आणि आर्मशी जुळणाऱ्या चापात फिरतोय का हेही बघा, नाहीतर चाक वरखाली होताना टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलत राहतो आणि दगडाधोंड्यात हँडल हातातून ओढलं जातं.

क्लिकरचं उत्तर छोटं आहे. हाय-स्पीड आणि लो-स्पीड हे गाडीचे वेग नाहीत, शॉकचा दांडा किती वेगाने आत जातो ते. सपाट पट्ट्यावर कितीही जोरात पळवा, दांडा फारसा हलतच नाही. वळणात कलणं, ब्रेकला नाक खाली जाणं हे लो-स्पीड, आणि हळू जाताना चौकोनी दगडावर चाक आदळलं तर ते हाय-स्पीड.

कॉलर आहे तिथेच ठेवून आधी सॅग मोजा, आणि तो आकडा, क्रॉसओव्हर रिंगची जागा आणि दोन्ही स्प्रिंगवर छापलेले आकडे इथे खाली लिहा, म्हणजे समजा-समजा न करता तुमच्याच गाडीचा हिशोब मांडता येईल.