कॉल ऐकल्याशिवाय फीडबॅक देऊ नका

सांगलीत विद्राव्य खतं फोनवरून विकणाऱ्या एका टीमचं काम मी बघतो. ग्राहक म्हणजे तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ भागातले द्राक्षबागायतदार. या लाईनमध्ये मला मनापासून खटकतो तो सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दिला जाणारा फीडबॅक. "आवाजात एनर्जी नाही", "कन्व्हिन्सिंग कमी पडतंय". विशीतली पोरं मान खाली घालून ऐकतात आणि जागेवर जाऊन कालच्यासारखाच फोन लावतात. त्यांनी नक्की काय बदलायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या टीममधल्या एका मुलीचा ऑक्टोबर छाटणीनंतरचा कॉल सांगतो. पलीकडून काका म्हणाले, "ताई, पाऊस उघडंना झालाय, दावण्या दिसाय लागलाय बागेत." दावण्या म्हणजे द्राक्षावर पडणारा बुरशीचा रोग. आणि हिनं लगेच ०:५२:३४ या खतावरची ऑफर सांगायला सुरुवात केली. फोन कट.

'ऑब्जेक्शन हँडलिंग वीक', म्हणजे ग्राहकाच्या अडचणीला नीट उत्तर देता येत नाही, असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. मी तिला बाजूला बसवून रेकॉर्डिंगमधला तेवढाच तुकडा दोनदा ऐकवला आणि विचारलं, "काका आत्ता कशाच्या काळजीत आहेत?" तिच्या लगेच ध्यानात आलं. शेतकऱ्याच्या घरातलीच पोरगी, दावण्यानं घड गेले की वर्षाचं गणित कसं कोलमडतं हे तिला मी काय सांगणार?

मग तिला एकच काम दिलं. आज प्रत्येक कॉलमध्ये आधी विचारायचं, "छाटणीला किती दिवस झाले, बाग कशी आहे?" द्राक्षाचं फवारणीपासून खतापर्यंतचं सगळं वेळापत्रक छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. ०:५२:३४ मध्ये नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के. बाग कुठल्या टप्प्यावर आहे हे माहीत नसताना ते घ्या म्हणून सांगायचं तरी कशाच्या जोरावर? एका वेळी दहा चुका दाखवल्या तर त्यातली एकही सुधारत नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

कौतुकही असंच नेमकं हवं. नुसतं "छान बोललीस" म्हणून भागत नाही. "दर ऐकून काका गप्प झाले तेव्हा तू एकरी खर्च काढून दाखवलास, तिथं ते परत बोलायला लागले" असं सांगितलं की तीच गोष्ट ती पुढच्या कॉलला पुन्हा करते. आणि हे त्याच दिवशी व्हायला पाहिजे. आठवड्यानं तो कॉल तिला आठवतही नाही.

आणखी एक, ऑर्डरवरून कॉल मोजू नका. बेदाण्याचा दर पडलेला असेल तर उत्तम बोलूनही शेतकरी "बघू पुढं" म्हणतो. त्या पोराला त्यासाठी झापणं अन्याय आहे.

त्या मुलीनं नंतर मला विचारलं, "सर, स्क्रिप्टमध्येच ऑफर तिसऱ्या वाक्याला आहे, मग बागेचं विचारायचं कधी?" बरोबर होतं तिचं. त्याच दिवशी ऑफरची ओळ खाली नेली आणि छाटणीचा प्रश्न वर घेतला.