गाडी चेपते म्हणून माणूस वाचतो

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर सारखा फिरतो. सोबत दोन फोटो: पुढचा भाग पार चेपलेली नवी गाडी आणि शेजारी जुनी अँबॅसिडर. मजकूर म्हणतो: पूर्वीच्या गाड्या अस्सल लोखंडाच्या, धडकल्या तरी पोचा येत नसे. आता कंपन्या पैसे वाचवायला पातळ पत्रा लावतात, गाडी डब्यासारखी चेपते आणि माणसं मरतात. तेव्हा जड गाडी घ्या आणि निर्धास्त राहा. मी भौतिकशास्त्र शिकवतो. संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग) गणितं पाठ असलेली मुलंही हा मजकूर पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

'चेपली नाही म्हणजे माणूस वाचला.' सगळी गफलत इथेच आहे. गाडी ताशी 54 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 15 मीटरने चालली असेल, तर आतल्या 60 किलोच्या माणसाचा संवेग 900 किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. भिंतीवर आदळल्यावर तो शून्य होणारच, गाडी कुठलीही असो. संवेगातला हा बदल म्हणजे आवेग, आणि आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. 900 ठरलेले आहेत. वाढवता येतो तो फक्त वेळ. पट्टा बांधलाय आणि गाडीचं नाक 75 सेंटिमीटर चेपलं, तर थांबायला साधारण 0.1 सेकंद मिळतो. सरासरी बल 9,000 न्यूटन, वजनाच्या पंधरा पट. भयंकर, पण माणूस जगू शकतो. नाक 10 सेंटिमीटरच चेपलं तर वेळ 0.0133 सेकंद आणि बल 67,500 न्यूटन, वजनाच्या 115 पट. मग गाडी शाबूत आणि आतला माणूस गेलेला, असं होतं.

'पैसे वाचवायला पत्रा पातळ केला.' चेपणारं नाक ही काटकसरीतून आलेली गोष्ट नाही. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी 1950च्या दशकात ही कल्पना मांडली आणि 1959मध्ये तशी गाडी बाजारात आली. नाक मऊ ठेवायचं आणि माणसं बसतात तो पिंजरा कडक पोलादाचा करायचा, अशी ती रचना. बोटाने दाबला जाणारा बाहेरचा पत्रा हे बल पेलायला नसतोच.

जुन्या गाडीत नेमकं उलटं घडतं, ते अमेरिकेत 2009मध्ये दिसलं. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 1959ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी 64 किलोमीटरने समोरासमोर आदळवल्या. बेल एअरचा चालकाचा कप्पाच कोसळला. तिथला माणूस जगणं कठीण होतं. मालिबूचं नाक गेलं, कप्पा टिकला, चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याला पायाला इजा होण्याइतकाच मार बसला. चाचणीचा व्हिडिओ बघाल तेव्हा बॉनेट बघू नका, पुढच्या काचेशेजारचा खांब वाकतोय का ते बघा.

'जड गाडी सुरक्षित.' यात तथ्य आहे, पण अर्धंच. 1,500 आणि 750 किलोच्या गाड्या सेकंदाला 15 मीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेग अक्षय्यतेने (टकरीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच) जोडी जड गाडी जात होती त्याच दिशेने सेकंदाला 5 मीटरने सरकते. जड गाडीचा वेग 10ने बदलतो, हलकीचा 20ने. झाडावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळलात तर हा फायदा संपला. शिवाय आजच्या कित्येक छोट्या एसयूव्ही अँबॅसिडरपेक्षा हलक्या नाहीतच.

एक मात्र मान्य: पार्किंगमध्ये हलकासा धक्का बसला तर जुन्या गाडीला कमी लागतं आणि दुरुस्ती स्वस्त पडते.

या मजकुरात पट्ट्याचा उल्लेखही नसतो, आणि ते मला सगळ्यात घातक वाटतं. नाक चेपून मिळालेला वेळ पट्टा बांधलेल्यालाच मिळतो. न बांधलेला माणूस 15 मीटरच्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर काही सेंटिमीटरांत थांबतो. 4 सप्टेंबर 2022ला पालघरजवळच्या अपघातात मागे बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

बाळाला मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्यांनीही हिशेब करावा. 10 किलोचं बाळ 0.1 सेकंदात थांबवायला 1,500 न्यूटन लागतात, म्हणजे दीडशे किलोचं ओझं एका क्षणात हातांवर. कुठल्याही आईबापाला ते पेलणार नाही. बाळासाठी वेगळी सीट घ्या, ती मागे बसवा, आणि मागे बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा लावायला लावा.