सापाचं अंडं म्हणजे कोंबडीचं अंडं नव्हे

आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या 'सापाची अंडी उबवण्याची सोपी पद्धत' फिरतेय. अंडी रोज उलटीपालटी करा, पाण्यात टाकून पारखा, खळगा पडला किंवा बुरशी आली की फेका, उबेसाठी वर बल्ब लावा. ऊस तोडताना सापडलेली अंडीही अशीच घरी उबतात म्हणे. लिहिणाऱ्यानं कोंबड्या पाळल्या असाव्यात, साप नक्कीच नाही.

आधी उलटापालट. कोंबडीला अंडी फिरवता येतात, कारण आतला बलक दोन्ही टोकांना पिळाच्या दोऱ्यांनी बांधलेला असतो. सापाच्या अंड्यात असे दोर नसतात. घातल्यावर एक-दोन दिवसांतच गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून पाळणारे लोक पेन्सिलनं वर एक फुली मारतात आणि ती फुली शेवटपर्यंत वरच ठेवतात. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी करायची नाहीत, हेही त्यातच आलं.

पाण्याची परीक्षाही कोंबडीचीच. तिच्या अंड्यात हवेची पोकळी असते, अंडं जुनं होत जातं तशी ती वाढते, म्हणून ते तरंगतं. सापाच्या अंड्यात ही पोकळीच नसते, मग तरंगण्या-बुडण्यावरून काय कळणार? शिवाय चामड्यासारख्या मऊ कवचाचं ते अंडं पाण्यात गुदमरतं.

खरी पारख अंधारात होते. टिळकवाडीतल्या एका मित्रानं बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) पाळलाय, रीतसर नोंद करून. गेल्या खेपेला त्याच्या मादीनं सहा अंडी घातली. दिवे घालवून त्यानं अंड्याला हात न लावता कडेनं मोबाइलची टॉर्च टेकवली. आत पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या लाल शिरा! ते जिवंत. एक अंडं मात्र नुसतं पिवळं, मेणचट. ते फळलेलंच नव्हतं. खळगा पडलेलं एक मी टाकायला निघालो होतो, त्यानं हात धरला. ओलावा कमी पडला की अंडं चेपतं. डब्यातलं ओलं व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं खनिज) थोडं भिजवलं की भरून येतं. अंड्यावर थेट पाणी ओतायचं नाही. पिल्लं निघायच्या सुमारास तर चांगली अंडीसुद्धा चेपतात. बुरशी बहुधा मेलेल्या अंड्यावर आधी धरते, पण थोडी बुरशी आलेल्या अंड्यातूनही पिल्लू निघतं. त्या खळग्याच्या अंड्यातून निघालंच.

बल्बचं काय, तो अंडी सुकवतो. बॉल पायथनच्या अंड्यांना थर्मोस्टॅटवर (तापमान ठरावीक राखणारं उपकरण) ३१-३२ अंश लागतात, साधारण ५५ ते ६० दिवस.

आता उसातली अंडी. नाग, धामण (आपल्याकडे कोणी 'केरे हाव' म्हणतात) यांना पाळणं गुन्हा आहेच, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सरपटणाऱ्यांची अंडी फोडणं किंवा हलवणं हीही शिकारच धरली आहे. मेसेजमध्ये 'घोणशीची आणि फुरशाची अंडी' असंही आहे. हे दोन्ही साप अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात! नागाच्या पिल्लाला मात्र अंड्यातून डोकं काढल्यापासून विष असतं, आणि अंडं नागाचं की धामणीचं हे कवचावरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. पाचटाखाली अंडी दिसली तर तेवढा पट्टा सोडून तोडणी करा आणि वनखात्याला फोन लावा. नागीण अंड्यांपाशी बसून राहते, तेव्हा जरा लांबूनच.