तक्रारीआधीची मदत

जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरच्या एका महाविद्यालयात, विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केलेल्या विद्यार्थिनीने आवारातच स्वतःला पेटवून घेतलं. दोन दिवसांनी ती गेली. इंग्लंडमध्ये बसून मी त्यावरच्या मराठी चर्चा ऐकत होते. महाविद्यालयाच्या तक्रार समितीने काय केलं, प्राचार्यांवर कारवाई कधी, आरोपीला फाशी का नाही. तक्रार दिल्यापासून त्या दिवसापर्यंत तिच्या सोबतीला कोण होतं, हा प्रश्न मला फारसा कुठे ऐकू आला नाही.

आपल्याकडचा वाद शिक्षेभोवती फिरतो. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने महिलांवरच्या गंभीर अत्याचारांसाठी फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. या मागणीमागचा संताप मला कळतो, तो माझाही आहे. पण वसतिगृहाच्या खोलीत दार लावून बसलेल्या मुलीच्या डोक्यात त्या रात्री फाशी नसते. गर्भ राहिला तर? घरी कळलं तर शिक्षण बंद करतील का? उद्याच्या प्रॅक्टिकलला तो समोर असेल का? यांची उत्तरं तिला काही तासांत हवी असतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधंसुद्धा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

मी इथे विद्यापीठात शिकवते. आमच्याकडे संकेतस्थळावर दोन पर्याय दिसतात: नाव न सांगता कळवा, किंवा सल्लागाराशी बोला. दुसरा निवडला तर अर्जात नाव आणि संपर्क विचारतात, आणि त्याखाली एक प्रश्न असतो: या नंबरवर निरोप ठेवला तर चालेल का? घटनेचं वर्णन सक्तीचं नाही. सल्लागार भेटते तेव्हा आधी विचारते, आज तुला काय हवंय. कुणाला खोली बदलून हवी असते, कुणाला निबंधाला मुदतवाढ, कुणाला वेगळी तुकडी. यातल्या कशासाठीही लेखी तक्रार लागत नाही. तक्रार करायची की नाही, हे ती नंतर ठरवते, कधीकधी ठरवतच नाही, आणि तरीही मदत चालू राहते.

रुग्णालयांतही तेच तत्त्व. मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९८६ साली लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी वेगळं केंद्र सुरू झालं; आता अशी केंद्रं देशभर आहेत. प्रौढ बाई पोलिसांना न सांगता तिथे थेट जाऊ शकते. तपासणी होते, नमुने काही काळ जपून ठेवतात, म्हणजे पुढे पोलिसांत जायचं ठरलं तर पुरावा हातचा गेलेला नसतो.

हे शहाणपण इथल्या विद्यापीठांना उपजत नव्हतं. १९९४ च्या झेलिक अहवालाने त्यांना सांगितलं होतं की गंभीर प्रकरण पोलिसांत गेलेलं नसेल तर आपण चौकशी करू नका, आणि ते मार्गदर्शन थेट २०१६ मध्ये बदललं. वॉरिक विद्यापीठात विद्यार्थिनींवरच्या बलात्काराच्या गोष्टी ग्रुप चॅटवर लिहिणाऱ्या दोघांची दहा वर्षांची बंदी अपिलात एका वर्षावर आणली गेली होती. आरडाओरड झाल्यावर ते परतले नाहीत. अशा प्रकरणांत तोंड बंद ठेवण्याचे करार विद्यापीठांना करता येऊ नयेत, हा नियम तर अगदी अलीकडचा. आणि फौजदारी खटल्यासाठी इथेही वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं.

म्हणून 'तिकडचे कायदेच चांगले' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३ चा कायदा काही बाबतींत इथल्यापेक्षा भक्कम आहे. समितीला साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, बाहेरची सदस्य बंधनकारक आहे, चौकशीला ९० दिवसांची मर्यादा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी त्यात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही आणले. पण या सगळ्याचं दार एकच: तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार. समितीने मुदत वाढवली तरी आणखी तीनच महिने. अंतरिम दिलासासुद्धा चौकशी सुरू झाल्यावरच. त्यात खोट्या तक्रारीबद्दलचं कलम १४ मुलींना आधी ऐकवलं जातं. नुसती तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई व्हायला हवी असं नाही, हे त्याच कलमातलं वाक्य मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

तक्रारीपासून वेगळी मदत आपल्या मातीत रुजणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्र पाहावं. महापालिका आणि 'सेहत' संस्थेने घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी ते रुग्णालयातच सुरू केलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की बाईला पोलिसांत जायचं नसेल तरी उपचार नाकारायचे नाहीत, तिचा नकार नोंदवून घ्यायचा. किती महाविद्यालयांनी हे आपल्या मुलींना सांगितलंय?

इथे शिकायला आलेल्या आपल्या मुलींची भीती आणखी वेगळी. त्रास देणारा पुष्कळदा भाड्याच्या घरातलाच, ओळखीतला असतो, आणि तक्रार केली तर व्हिसा जाईल असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. गुन्हा कळवल्याने विद्यार्थी व्हिसा जात नाही. मात्र मोठी सुट्टी घेतली किंवा अभ्यासक्रम सोडला तर व्हिसावर परिणाम होतो, तेव्हा ते पाऊल सल्लागाराला विचारल्याशिवाय उचलू नये.

समितीच्या सदस्यांची नावं आपल्या महाविद्यालयांत फलकावर लावणं सक्तीचं आहे. त्याशेजारी आणखी एक नाव हवं: जिचं काम चौकशी करण्याचं नाही, जी समितीवर बसत नाही, जिला त्यासाठी पगार मिळतो. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत पॉक्सोमुळे, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यामुळे, पोलिसांना कळवावंच लागतं, ते त्या बाईने बोलणं सुरू होण्याआधीच स्पष्ट सांगावं. आणि सज्ञान मुलगी असेल तर रेक्टरने तिच्या घरी फोन लावण्याआधी तिला विचारावं.