घळी राखल्या म्हणजे डोंगर राखला?

उपोष्ण कटिबंधातल्या मिश्र जंगलांविषयी एक विधान बरंच फिरतं: वर चढत जावं तशा झाडांच्या जाती कमी होतात, घळीत त्या सर्वाधिक आणि डोंगराच्या धारेवर, म्हणजे माथ्याच्या कडेवर, सर्वात कमी असतात, शिवाय उत्तरेचा उतार दक्षिणेच्या उतारापेक्षा समृद्ध असतो. तेव्हा घळी राखा, धारांचं काय एवढं! यातला प्रत्येक दावा कुठे ना कुठे खरा ठरतो, म्हणून तो पटकन गळी उतरतो.

आधी उंची. नेपाळच्या हिमालयात पायथ्यापासून वर जाताना झाडांच्या जाती आधी वाढतात, मग घटतात; सरळ उतरती रेघ तिथे मिळत नाही. एकाच टेकडीपुरतं बोलायचं तर उंचीचा वाटा आणखी संशयास्पद. चीनच्या झेजियांग प्रांतात गुतियानशान इथे २४ हेक्टरचं कायमस्वरूपी अभ्यासक्षेत्र आहे. छातीच्या उंचीवर १ सेंटिमीटर किंवा अधिक जाड असलेलं प्रत्येक खोड तिथे मोजलं गेलं: १,४०,००० च्या आसपास खोडं, १५९ जाती. या क्षेत्राच्या तळातला आणि माथ्यावरचा फरक जेमतेम २७० मीटर. दर १०० मीटरला ०.६ अंश धरले तर तापमानात दीड अंशाच्या आसपास फरक पडतो. खालीवर झाडं बदलतात ती मुख्यतः पाणी कुठे साचतं आणि माती कुठून वाहून जाते यामुळे. उंची फक्त मोजायला सोपी, म्हणून श्रेय तिला!

घळीचा मुद्दा मात्र नीट उकलायला हवा. तिथे माती खोल, ओल टिकाऊ, हे मान्य. पण मोठी झाडं जागा आणि उजेड दोन्ही अडवतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत खोडं कमी मावतात. धारेवर बारीक खोडांची दाटी असू शकते. मग जाती दर हेक्टरी मोजायच्या की दर शंभर खोडांमागे? पद्धत बदलली की क्रमही पालटू शकतो, आणि विधान करणारे हे कधीच सांगत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे धारेवर जाती कमी निघाल्या तरी त्या वेगळ्या असतात. पातळ, आम्लधर्मी मातीत मासोनियाना पाइन आणि ऱ्होडोडेंड्रॉन तग धरतात; घळीच्या गर्द सावलीत पाइनचं रोप जगत नाही. डोंगराची एकूण विविधता घळ, उतार आणि धार यांच्यातल्या फरकातूनही येते. घळीतल्या जाती कितीही मोजल्या तरी धारेची यादी त्यातून निघत नाही.

उत्तर उताराचं थोडक्यात: तिथे ऊन कमी पडतं, म्हणून ओल टिकते; दक्षिण गोलार्धात हे उलटं होतं. गुतियानशानच्या अक्षांशावर, म्हणजे २९ अंशांजवळ, जूनअखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८४ अंशांवर असतो. दिशेचा खरा फरक हिवाळ्यात, आणि तोही उतार तीव्र असेल तरच जाणवतो.

शेवटी, सगळं भूरूपावर ढकलण्याची घाई नको. सपाट, सोप्या जागी शेती आणि तोड आधी पोचते. तीव्र उतारावरचं जंगल पुष्कळदा केवळ अवघड वाटेमुळे वाचलेलं असतं. शिवाय बरंचसं बी आईझाडाच्या आसपासच पडतं, त्यामुळे हुबेहूब सारखी माती आणि सारखा कल असलेल्या दोन उतारांवरही झाडं वेगवेगळी आढळतात.