गमन पाहिजे!

मी फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे मांजर ओरडतं. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे, सातवीला गणित शिकवते. वळून बघावं तर सगळे चेहरे हरिपाठाला बसल्यासारखे.

"कोण रे तो?"

"मी केलो नाही टीचर!" शेवटच्या बाकावरून, कुणी नाव घ्यायच्या आत.

आमचे गुरुजी पुराव्याच्या भानगडीत पडत नसत. निरगुडीचा फोक अख्ख्या बाकावर फिरायचा. आता २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलांना मारायचं नाही आणि त्यांचा मानसिक छळही करायचा नाही. (टीचरच्या छळाबद्दल कलम सापडलं नाही.) जेकब कुनिन नावाच्या अभ्यासकाचं १९७० सालचं म्हणणं असं, की टीचरच्या पाठीलाही डोळे आहेत असं पोरांना वाटलं पाहिजे. माझ्या पाठीला कान तेवढे आहेत.

अशात मुलांच्या वर्तनावर बेळगावात एक दिवसाचं ट्रेनिंग निघालं. कायम टीचरांच्या घरी नेमकी त्याच दिवशी लग्नं निघाली, म्हणून मी गेले. माझं माहेर महाराष्ट्रातलं चंदगड. कन्नड येतं ते बसच्या पाटीपुरतं. साहेब म्हणाले, "मक्कळिगे गमन बेकु." मक्कळु म्हणजे मुलं, बेकु म्हणजे पाहिजे, गमन तर आपलाच शब्द. मुलांना गमन पाहिजे! अगदी मनातलं बोलले. दुसऱ्या तासापासून "टीचर, जाऊन येऊ?"चा धोशा कोण ऐकतं? मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पुढचं काहीच कळेना. समासात रांगोळी काढली. मग एक जांभई. मग शेजारच्या निपाणीच्या बाईंना हळूच विचारलं, "जेवायला कधी सोडतात?"

"एन्री मेडम, माताडब्याड्री!" साहेब कडाडले. बोलू नका, एवढं मलाही कळलं.

सगळा हॉल माझ्याकडे. माझ्या तोंडून निघालं, "मी बोलले नाही!"

निपाणीच्या बाई हसत कुजबुजल्या, "अहो, कन्नडात गमन म्हणजे लक्ष. पोरांना लक्ष पाहिजे असतंय, म्हणालेत." मग त्यांनीच ड्रायकर्स नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाची चार कारणं मराठीत सांगितली: खोडकर पोराला लक्ष पाहिजे असतं, नाहीतर वर्चस्व, नाहीतर सूड, नाहीतर 'मला जमतच नाही' म्हणून अंग काढून घ्यायचं असतं. तेव्हा आठवलं, आमचं मांजर बेरजेला गप्प असतं. अपूर्णांक निघाले की ओरडतं.

सोमवारी त्याला पहिल्या बाकावर आणलं, भाकरीचे तुकडे करून पाव, अर्धी, पाऊण समजावलं. शिवाय 'गमन' म्हणून क्षीरभाग्य या सरकारी योजनेत शाळेला मिळणाऱ्या दुधाचं वाटप त्याच्याकडे दिलं. माणशी १५० मिली. हेडसर म्हणाले, "टीचर, विचार केलाय न्हवं?"

आठवडाभर वर्गात म्याव नाही. दूध मात्र रोज दोन ग्लास कमी पडायला लागलं.

"काय रे, दूध कुठं गेलं?"

"मी पिलो नाही टीचर!" तो म्हणाला, आणि वरच्या ओठावरची पांढरी मिशी बाहीनं पुसली.